चकतीनं घेतलेला श्वास

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. माझी काही हरकत नाही.

पण हे जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. मी तिला ताई म्हणतो. ताई थापा मारणाऱ्यातली नाही, आणि भूतबीत मानणाऱ्यातली तर मुळीच नाही. तिनं हे मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

आणि हो, यात काळोखी रात्र, घुबड, कुत्र्यांचं रडणं असलं काही शोधू नका. भर दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. कारखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

त्या उन्हातच हे सगळं झालं.

ताईचं काम काय, हे कुणाला सांगितलं की आमच्या घरात हशा पिकायचा. ती भोकं बनवायची! "लोक घरातली भोकं बुजवतात, आमची पोरगी पाडत बसते," असं मामा येता-जाता चिडवायचे.

कारखान्यात पंजाएवढ्या पांढऱ्या चकत्या व्हायच्या. मोठमोठ्या यंत्रांमधला गरम धूर गाळायला त्या लागतात. दगडाची पिठासारखी भुकटी घ्यायची, त्यात मेणाचे मणी मिसळायचे. मणी म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. मग साच्यात दाबायचं आणि भट्टीत भाजायचं. भुकटी घट्ट होते, मेण जळून जातं, आणि जिथे मणी होता तिथे भोक राहतं. मणी केवढा, किती, एकमेकांपासून किती लांब, हे सगळं ताई ठरवायची.

"चकतीत जे जळतं, त्याचीच जागा राहते," ती म्हणायची. "बाकी काही जादू नाही."

भोकं मोकळी झाली की नाही हे बघायला मशीन होतं. पण त्या कारखान्यात मशीनच्या आधी फुंकून बघायची पद्धत होती. एकानं चकतीला ओठ लावून फुंकायचं, दुसऱ्यानं पलीकडे तळहात धरायचा. हाताला सगळीकडून सारखा वारा लागला की चकती पास. ताईनं हात धरायचा आणि भाऊजींनी फुंकायचं, हे लग्नाच्या आधीपासूनचं. त्यांचं जमलंच असं! मुकादम सोडला तर सगळा कारखाना त्यांच्या लग्नात नाचला होता.

भाऊजी तेव्हा भट्टीवर मदतनीस होते. मुख्य माणूस म्हणजे भट्टीकाका. म्हातारा तोंडाचा फटकळ. चुकलं की कुणालाही चारचौघांत सोलून काढायचा. मुकादमालाही. मुकादम डोक्यात राख घालून घेणारा, हातात कायम लोखंडी सळई. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

एक दिवस काका दिसेनासे झाले.

"गेला गाशा गुंडाळून," मुकादम म्हणाला. "कटकट गेली."

कुणाला काही वावगं वाटलं नाही. म्हातारा तसाही दर आठवड्याला 'सोडून जातो' म्हणायचाच. त्या दिवशीची भट्टी भाऊजींनी पेटवली. थंड झाल्यावर माल मात्र मुकादमानं स्वतः उतरवला. कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

त्या मालातली एक चकती फोडून ताईनं मायक्रोस्कोपखाली ठेवली… आणि चक्रावलीच.

मणी गोल होते. भोकं गोल यायला हवी होती.

आतमध्ये एक जाड वाट होती. तिला दोन फाटे. त्या दोघांना आणखी दोन दोन. होता होता ते केसाएवढे बारीक होत गेले होते.

दुसरी चकती फोडली. तेच. तिसरी. तेच!

हे कुठेतरी पाहिलंय असं तिला वाटत राहिलं. कुठे, ते मात्र आठवेना. सगळा माल नापास करून तिनं मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवून दिला.

आणि मग त्या दुपारी शेठ घाईघाईनं आले. माल कमी पडत होता. "मागच्या फळीवरच्या बघून घ्या," म्हणाले. "फुंकून ज्या पास होतील त्या भरा."

ताई आणि भाऊजी मागच्या खोलीत गेले.

भाऊजींनी पहिली चकती उचलली. हातातच जरा थांबले.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही गं. कोमट लागतेय."

त्यांनी ओठ लावले, फुंकलं. ताईनं पलीकडे हात धरला. वारा आला. एकसारखा, छान.

"पास," ताई म्हणाली.

भाऊजींनी ओठ बाजूला घेतले.

वारा… येतच राहिला.

ताई आधी हसली. "अहो, चेष्टा पुरे!" पण भाऊजींचं तोंड मिटलेलं होतं. चकती त्यांनी लांब धरली होती. आणि ताईच्या तळहातावर ऊबदार, ओलसर हवा येत होती.

मग ती हवा थांबली.

आणि उलटी फिरली… आत.

चकती श्वास घेत होती.

"ठेवा ती खाली," ताई म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

भाऊजींचा विश्वास बसेना. खात्री करायला म्हणून त्यांनी पुन्हा ओठ लावले. का लावले, देव जाणे!

चकतीनं त्यांना ओढलं.

फट्कन आवाज झाला. तोंड चकतीला चिकटलं. गाल आत गेले, दातांना जाऊन टेकले. डोळे खोबणीतून बाहेर यायला लागले. दोन्ही हातांनी ते चकती ओढत होते, आणि घशातून नुसती घरघर येत होती. छातीतला वारा ती उपसून घेत होती.

ताईनं चकती धरून खेचली. कातडं ताणलं गेलं. मग फाटलं. ओठांतून रक्ताची धार लागली, पण एक थेंबही खाली पडला नाही. पांढरी चकती लाल झाली… आणि बघता बघता परत पांढरी.

तेवढ्यात फळीवरून खोकला ऐकू आला.

कोरडा, दोन टप्प्यांचा. कारखान्यात तसा एकच माणूस खोकायचा.

ताई ओरडली, "काका! सोडा त्यांना! त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

चकतीनं आणखी जोरात ओढलं.

भाऊजी गुडघ्यांवर आले. चेहरा निळा पडला. ताईनं टेबलावरचा हातोडा उचलला. डोळे मिटले. आणि नवऱ्याच्या तोंडावर मारला!

चकती फुटली. पुढचे दात पडले. वरच्या ओठाची चिंधी तुकड्याला तशीच लटकत होती. भाऊजी जमिनीवर आडवे झाले. पण श्वास आला. खरखरीत, रक्ताचे बुडबुडे काढत, पण आला.

आरडाओरडा ऐकून मुकादम धावत आला. "काय तमाशा लावलाय रे?"

फळीवर सगळ्या चकत्या श्वास घेत होत्या. एकदम आत… एकदम बाहेर…

आणि मधूनच तो खोकला.

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो जो सुटला! सळई उगारली आणि फळीवर तुटून पडला. "गप्प! गप्प म्हणतो ना! डोकं फोडलं तुझं, भट्टीत घातला तुला, तरी मरत नाहीस होय रे थेरड्या!"

ताईला तेव्हा आठवलं, त्या वाटा, ते फाटे तिनं कुठे पाहिले होते ते. शाळेच्या पुस्तकात. माणसाच्या फुप्फुसाच्या चित्रात.

चकत्या फुटत होत्या. खोलीभर पांढरी धूळ उडाली. ताईनं भाऊजींच्या काखेत हात घातले आणि त्यांना फरफटत दाराबाहेर काढलं. मागे वळून बघितलं तर धूळ खाली बसत नव्हती. ती मुकादमाकडे चालली होती. सगळी. नाकात, तोंडात, कानांत. सळई गळून पडली. त्यानं गळा धरला. नखांनी स्वतःची मान ओरबाडली, मांस निघेपर्यंत ओरबाडली.

मग त्याच्या कपाळावर रक्ताचा एक थेंब आला. टाचणीच्या टोकाएवढा. शेजारी दुसरा. गालांवर, हातांवर, बुबुळांवर. सगळे एकाच मापाचे, सारख्या अंतरावर.

ती मांडणी ताईनं ओळखली. मायक्रोस्कोपखाली रोज दिसणारी, तिनंच ठरवलेली.

पुढच्या क्षणी सगळे थेंब एकदम वाहायला लागले. मुकादम उभ्या उभ्या गळाला आणि कोसळला.

पोलीस आले. भट्टीत माल रचायच्या लोखंडी गाड्याखालच्या राखेत हाडांचे तुकडे मिळाले. मुकादम कशानं मेला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

भाऊजी वाचले. ताईनं किती रात्री दवाखान्यात काढल्या ते तिचं तिला माहीत. तोंडाला टाके होते, बोलता येत नव्हतं. पण तिच्या मनात एकच गोष्ट सलत होती. मुकादमाला काकांनी मारलं, ठीक आहे. मग यांना का धरलं? आणि तेही आधी?

एका संध्याकाळी तिनं विचारलंच. "त्या दिवशी भट्टी तुम्ही पेटवलीत. काही ऐकू आलं होतं का?"

भाऊजींनी मान फिरवली.

"चकती ओली राहिली की भट्टीत फुटते, आवाज होतो, मला माहीत आहे. आणि एकदा पेटवली की दार उघडायचं नाही, नाहीतर सगळा माल तडकतो. हेही माहीत आहे. म्हणजे तुम्हाला वाटलं असेल चकत्या फुटताहेत. हो ना? हो म्हणा ना, अहो!"

मग त्यांनी हात उचलला आणि पलंगाच्या दांडीवर बोटानं वाजवलं.

ठक… ठक… ठक.

थांबले.

ठक… ठक… ठक.

चकत्या अशा फुटत नाहीत. इतकी वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला हे कळलं नसेल? ताईला रडूही येईना.

भाऊजींनी हात खाली ठेवला. डोळे मिटले.

ठक… ठक… ठक.

हात तर पांघरुणावर होता.

आवाज त्यांच्या छातीतून येत होता.

भाऊजी आता घरी असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. ते खुर्चीत बसले होते, ओठांवर जाड वण, नजर जमिनीकडे. मी काहीबाही बोलत होतो. मध्येच ऐकू आलं. आधी मला वाटलं, शेजारी कुणी खिळा ठोकतंय.

निघताना मी स्वयंपाकघरात ताईजवळ गेलो. "अगं, इथे राहतेस कशी तू? चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

ती भाजी चिरत होती. सुरी तशीच हातात धरून तिनं दारातून नवऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. छातीकडे.

"म्हातारा किती दिवस वाजवतोय रे," ती म्हणाली. "कुणीतरी उघडायला नको का?"

मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली. पण मी काय, त्याच संध्याकाळी परत निघालो. त्या घरात आणखी सुऱ्या आहेत.