दोन धारांमधली हाक

भुताची गोष्ट सांगण्यात अख्ख्या मुरूम गावात माझा हात धरणारा कोणी नाही. तसा ऐकणाराही कोणी नाही. परवा रंगात आलो तर समोर आमचं बोकड तेवढं जागं होतं. ते राहू द्या. कंदील जवळ ओढा.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षीचा श्रावण. इथलेच महांतप्पा, मिरचीचे व्यापारी आणि जिभेनंही तसेच, लेकीला घेऊन डोंगरातल्या महादेवाला निघाले. जगदेवी आठ वर्षांची. बायको गेल्यावर घरात हीच काय ती उरलेली. गाडी दादामियाँची, म्हातारबुवा बैलांपेक्षा हळू. रस्ता संपला तिथं गाडी सोडून तिघं नदीकाठानं झाडीत शिरले. नदीला दोन धबधबे, खालली धार आणि वरली धार. देऊळ वरल्या धारेपाशी. मध्येच पोरगी बेल तोडायला वळली आणि... दिसेनाशीच झाली.

भर दुपार, पण झाडीत अंधारून आलेलं. कुजल्या पानांचा वास. महांतप्पांचं घर कानडी बोलणारं. ते जीव तोडून ओरडले, "मगळे, बा...!" म्हणजे, पोरी, ये.

खालल्या धारेकडून आलं, "बा..."

"मालक, पोर ओ देतीया! बापाला बा म्हनतीया!" दादामियाँना कानडीचं अक्षर येत नव्हतं.

"ती मला बा न्हाय म्हनत," महांतप्पा म्हणाले. "अप्पा म्हनती."

"मंग तुमचीच हाक फिरून आली आसंल."

दोघं तोंड मिटून उभे राहिले. नुसता पाण्याचा घुमारा. आणि कोणी ब्रही न काढता परत...

"मगळे... बा..."

आवाज महांतप्पांचाच होता. आणि ती हाक त्यांना नव्हती. पोरीला होती.

मग महांतप्पा धावले. धोतर काट्यांत फाटलं, वहाणा चिखलात राहिल्या. तोंडात 'बा' येई आणि ते दात आवळून गिळत. त्याच शब्दानं तर ते तिला ओढत होतं. दादामियाँ "या अल्ला" करत मागं.

खालल्या धारेच्या ऐन तोंडाशी जगदेवी सापडली. गळ्यापर्यंत पाण्यात, उंबराच्या मुळीला लटकलेली. पाणी चढत होतं, मुळी करकरत होती. दादामियाँनी डोक्याचा पटका सोडून मालकांच्या कमरेला बांधला, टोक स्वतः धरलं. महांतप्पा ओणवे झाले. हात तिच्यापासून वीतभर.

"हात दे, लेकी... म्या हाय. तुझा अप्पा..." त्यांना हुंदका आवरेना.

पोरीनं मुळी आणखीच घट्ट धरली. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मघाचे अप्पाबी असंच रडत हुते."