शांताबाईंचा शेकरू

शांताबाईंना शेकरू बघायचा होता. भांडुपच्या एका इस्पितळात एकतीस वर्षं आयाचं काम करून त्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. "मम्मी, कुठं जायचं सांग," असं मुलगा सम्यकने विचारलं, तेव्हा त्यांनी एका दमात सांगितलं, "भीमाशंकरच्या रानात. शेकरू बघायला!"

सम्यकने कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली. आतच झोपायचं, आतच रांधायचं. नवरा राजाराम, सम्यक, सून मनाली आणि त्या अशी चौघं निघाली.

आणि पाऊस लागला! दुसऱ्या दिवशी दुपारी रानाच्या कडेला गाडीचं मागचं चाक चिखलात रुतलं. धुकं असं दाटलं, की दहा पावलांवरचं झाड दिसेना. शांताबाई कालपासून त्या वीतभर ओट्यासमोरच उभ्या होत्या. चहा, पोहे, खिचडी, पुन्हा चहा.

"शांते, कांदाभजी टाक ना," राजाराम पाय पसरत म्हणाले. "काय झकास पाऊस लागलाय!"

शांताबाईंनी खाडकन गॅस बंद केला.

"मी शेकरू बघायला आलेय! तुम्हाला तळून घालायला नाही!"

रेनकोट चढवून, काठी उचलून त्या ताडताड निघाल्या. "आई, थांबा!" म्हणत मनाली मागे धावली.

वाटेत धुकं विरळ झालं. घोटाभर पाण्याचा ओढा लागला. तो ओलांडला. पायांना जळवा चिकटल्या, त्या उपटून फेकल्या. चढ घसरडा होता, पण रागाच्या भरात शांताबाईंना दमही लागेना. अखेर एका उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यापानांचं भलंमोठं घरटं दिसलं. शेकरूचंच! दोघी अर्धा तास माना वर करून उभ्या राहिल्या. काहीच हललं नाही. मग पाऊस असा कोसळू लागला, की मागे फिरावंच लागलं.

ओढ्याचा आवाज आधी ऐकू आला. गढूळ लाल पाणी फेसाळत धावत होतं. मनालीने पाऊल टाकलं मात्र, पायाखालचा दगड निसटला! शांताबाईंनी एका हाताने झाडाचं मूळ धरलं, दुसऱ्याने तिचं मनगट. ओढलं. पुन्हा ओढलं. मनाली काठावर येऊन पडली.

तेवढ्यात पलीकडे सम्यक आणि राजाराम दोर घेऊन धावत आले.

"मी येतो!" सम्यक ओरडला.

"खबरदार! कोणी पाण्यात उतरायचं नाही!" शांताबाई कडाडल्या. "पाणी उतरेपर्यंत तिथंच बसा!"

"कोणी सांगितलं होतं एवढं तडकायला?" पलीकडून राजाराम गरजले. "मी काय कमी केलं तुला?"

मग शांताबाईंचा बांध फुटला. ओढ्यापेक्षा वरच्या आवाजात त्या बोलू लागल्या.

"रात्रपाळ्या करून आले, तरी तुमचे डबे केले! तापात केले! आणि रिटायर झाले त्या दिवशी काय म्हणालात? आता दोन्ही टाइम गरम चपात्या मिळतील! माझी सुट्टी कधी हो? ही सुट्टी होय?"

राजारामांनी मान खाली घातली. सम्यक दोराचा गुंता सोडवत बसला. शांताबाई मात्र थांबल्या नाहीत. वर्षांची वर्षं बाहेर पडत होती. पाऊस ओसरला, तरी त्यांचं चालूच!

आणि अचानक, वाक्याच्या मध्येच, त्या थांबल्या.

राजारामांच्या बरोबर डोक्यावर, ओल्या फांदीवर शेकरू बसला होता! किरमिजी पाठ, पिवळसर पोट, हातभर लांब शेपूट. पुढच्या पंजांत फळ धरून कुरतडत होता. मनालीने सासूचा हात घट्ट दाबला. शांताबाई श्वास रोखून बघत राहिल्या. मग त्याने झेप घेतली. थेट ओढ्यावरून! शेपूट हवेत लांबलचक ताणलं, आणि अलीकडच्या पानांत तो नाहीसा झाला.

तासाभराने पाणी पोटऱ्यांपर्यंत उतरलं. सम्यकने दोराचं टोक फेकलं, आणि तो दोन्ही काठांच्या झाडांना बांधून दोघी पलीकडे आल्या.

"एकदम गप्प झालीस. राग गेला ना?" राजारामांनी हळूच विचारलं.

"नाही. शेकरू आला होता. तुमच्या डोक्यावर."

"काय! मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही बोलला असतात," शांताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पुढे चालू लागल्या.