सराईचा वरचा मजला

दुपारची भांडी आवरून झाली, सासूबाई आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या, की नवी सून ओट्याला टेकून फोन उघडायची. नवऱ्याला वाटायचं, माहेरच्यांशी गप्पा चालल्यात. सासूबाईंना वाटायचं, भाज्यांचे भाव बघतेय. तिने दोघांचेही समज तसेच राहू दिले होते. नव्याने आलेल्या बाईला घरात जागा मिळते ती चमच्याचमच्याने. पातेल्यांचं कपाटसुद्धा अजून तिचं झालं नव्हतं. फोनमध्ये मात्र तिची अख्खी सराई होती.

सराई म्हणजे खेळ. काही जणांनी मिळून एका संकेतस्थळावर लिहायला घेतलेली, नदीकाठच्या एका सराईची गोष्ट. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, आपल्या पात्रापुरतं लिहायचं आणि धागा पुढच्याच्या हाती द्यायचा. ती सराईवाली. कॉलेजात होती तेव्हापासून. पूर्वी तिथे काय वर्दळ होती! एकाने दार वाजवायचा अवकाश, तिघे कडी काढायला धावायचे. मग कुणाला नोकरी लागली, कुणाला मूल झालं, कुणी नुसतंच यायचं थांबलं. अशांसाठी मंडळींनी एक रीत पाडली होती. गेलेल्याचं पात्र मारायचं नाही. त्याला सराईच्या वरच्या मजल्यावर झोपवायचं आणि दार ओढून घ्यायचं. ते दार पुन्हा उघडायचं ते ज्याचं त्यानेच. आणि जो लिहिता आहे, त्याला दुसऱ्या कुणी झोपवायचं नाही.

आता खाली दोघंच उरली होती, ती आणि नावाडी. नावाडी म्हणजे एका औषधाच्या दुकानात बसणारा, स्वभावाने सज्जन पण कंटाळलेला माणूस. त्या दिवशी त्याचा निरोप आला. आपल्याला आता जमत नाही, नाव काठाला लावतोय, तूही आवर. वर त्याने आठवण करून दिली होती, की एकाच हाताचं लिखाण राहिलं तर संकेतस्थळवाले आठवड्याभरात खेळ बंद करतात.

तिने ओठ घट्ट मिटले. माहेरची खोली भावाने घेतली, आडनाव बदललं, सकाळचा चहासुद्धा आता दुसऱ्यांच्या चवीचा. सराई नाही जाऊ द्यायची. काही झालं तरी नाही.

ती लिहायला बसली. सराईवाली कंदील घेऊन जिना चढली. घड्याळजींच्या दारापाशी थांबली. घड्याळजी हे सगळ्यांचं लाडकं पात्र. त्याचा लिहिणारा अचानक यायचा थांबला होता आणि नावाड्यानेच त्याला झोपवलं होतं. नाव घालून लिहिलं की त्या माणसाच्या फोनवर निरोप जातो, हे तिला ठाऊक होतं. मोह होईल, येईल परत, असा तिचा हिशेब. नुसतं दार वाजवून थांबायला हवं होतं. पण लिहिण्याच्या भरात तिने लिहून टाकलं, 'दार उघडलं.'

चहाचं आधण उकळायच्या आत उत्तर आलं. घड्याळजींच्याच नावाने, त्याच संथ चालीत. 'फार झोपलो, बाई. अंग आंबलंय. खाली भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं ऐकू येतंय... बघतो जरा.'

बंद पडलेलं ऐकू येतंय! हा विनोद त्याचाच. ती एकटीच हसली. मग हसू ओसरलं. सराईत तिने कधी घड्याळ लिहिलंच नव्हतं. बंद घड्याळ होतं ते इथे, बाहेरच्या खोलीत. सासरे गेले तेव्हापासून थांबलेलं, आणि ते उतरवायचा विषय या घरात कुणी काढत नसे.

तिने नावाड्याला कळवलं, घड्याळजी परत आले, आता तूही थांब. त्याने एरवी कधी फोन केला नव्हता. आज केला.

"तू दार उघडलंस?" त्याचा आवाज अगदी खाली होता. "अगं, तो गेला. तुझ्या लग्नाच्या आठवड्यातच. त्याच्या बहिणीने मला कळवलं होतं. तुला तेव्हा कसं सांगणार... म्हणून मी त्याला झोपवलं."

"मग लिहितंय कोण?"

तो म्हणाला, "झोपव त्याला. लगेच."

बाहेर ऊन तापलं होतं, तरी ओट्याची फरशी हाताला गार लागली. कुठूनसा वास येत होता, शिवणयंत्रात घालतात तसल्या तेलाचा. वर छतावरून काहीतरी सावकाश सरकत गेलं. त्यांचं घर शेवटच्या मजल्यावर. वर फक्त पाण्याच्या टाक्या, आणि गच्चीच्या दाराला कुलूप.

तिने लिहिलं, 'घड्याळजींना झोप आली.'

'नाही आली,' उत्तर आलं. 'लिहिता माणूस आहे मी आता. रीत तुम्हीच पाडलीत, बाई. आणि सराई बंद केलीत, तर जागं झालेल्याने राहायचं कुठे?'

फोन बंद करून डब्यात टाकता आला असता. तिच्या मनात आलंही. पण दार तिने उघडलं होतं, आणि पाहुण्याला जागा देणं हेच तर सराईवालीचं काम. सराई चालू राहिली, तर तो सराईत राहील. तिने पदर खोचला. 'बसा,' तिने लिहिलं. 'आधी सांगा, नदीपलीकडे कुणाची घड्याळं दुरुस्त करायचीत? सावकाश सांगा. मी रोज ऐकेन.' वाक्य सरळ उतरलं.

आतून सासूबाई उठल्याची चाहूल लागली. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि तिथेच थांबल्या. त्या शांततेत तिलाही ऐकू आलं. टिक... टिक...

"बरं केलंस हो, माणूस बोलावलास ते," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. डोळे ओले होते. "मघाशी तू फोनवर होतीस, मीच उठून दार उघडलं, आणि तो गेल्यावर परत जरा पडले. सभ्य वाटला. पैसे घेईना. म्हणाला, इथेच वर राहतो."

"वर?"

"वर कुठे ते विचारायचं राहिलंच बघ." त्यांनी कपबश्या काढल्या, आणि जरा विचार करून आणखी काही कप खाली घेतले. "बाकीचे उठले की त्यांनाही घेऊन येतो म्हणाला."