नाळ पोचवणारा तेल्मो

पोर्तुगालमधल्या कुइंब्रा शहराच्या चढावरचे दगड पावसानं इतके निसरडे झाले होते, की प्रसूतिगृहाच्या मागच्या दारातच माझा पाय घसरला आणि मी थेट समोरून येणाऱ्या हिरव्या कपड्यांतल्या माणसावर आदळले. त्यानं एका हातानं मला सावरलं. दुसऱ्या हातातला बर्फाचा डबा मात्र जराही हलू दिला नाही.

"सावकाश. इथे घाईनं फक्त बाळं येतात."

"तो डबा माझाच आहे," मी ओले केस मागे सारत म्हटलं. "मी नोएमिया, वरच्या प्रयोगशाळेतली. नाळ न्यायला आलेय. रोजच्या नर्सबाई कुठायत?"

"निवृत्त झाल्या. आता मी... तेल्मो. सुईण."

मला हसू आवरेना.

"हसा. शब्दच बाईचा आहे, मी तरी काय करू?" त्यानं डबा पाठीमागे लपवला. "पण हा असा मिळणार नाही. नाळ देणाऱ्या आया मला विचारतात, हिचं पुढे काय होतं? मला सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

मग मी सांगितलं. नाळेतल्या शिरेला आतून नाजूक अस्तर असतं. त्याच्या पेशींपासून आम्ही नव्या रक्तवाहिन्या वाढवतो. भाजलेल्या माणसासाठी पातळ त्वचा प्रयोगशाळेत करता येते, पण जाड तुकडा जगत नाही. आतपर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून त्याचा गाभा मरतो.

"तुमच्या तुकड्याचाही?"

"माझ्याही. दरवेळी."

इतकं सरळ मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या तपकिरी डोळ्यांत कीव नव्हती... कुतूहल होतं. त्यानं डबा माझ्या हातात ठेवला, आणि आमची बोटं उगाचच क्षणभर जास्त रेंगाळली.

त्यानंतर तो स्वतःच डबा पोचवायला येऊ लागला. कधी खिशात गरम भाजलेले चेस्टनट असायचे.

"वाटेवरच होतं," तो म्हणायचा.

"सुईणबुवांचं घर नदीपलीकडे, आणि वाट आपल्या टेकडीवरून जाते," आमच्या प्रोफेसर ग्रासिएत चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "नवलच आहे."

तेल्मो कानापर्यंत लाल झाला.

हिवाळ्याच्या तोंडावर मी शेवटचा तुकडा वाढायला लावला. यालाही यश आलं नाही, तर काम बंद करायचं, असं प्रोफेसरांनी जड मनानं ठरवलं होतं.

"मग तुम्ही काय करणार?" तेल्मोनं विचारलं.

"गावी जाईन. दक्षिणेला समुद्रकाठी, ओल्यांवला, बाबांची खानावळ आहे. मासे भाजीन."

तो बराच वेळ चेस्टनट सोलत राहिला. "मासे... इथेही मिळतात," एवढंच पुटपुटला.

काही दिवसांनी मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. विखुरलेल्या पेशी सरकत सरकत एकमेकींना शोधत आल्या होत्या. जोडल्या गेल्या होत्या, आतून पोकळ झाल्या होत्या. झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशा बारीक नळ्या थेट गाभ्यापर्यंत गेल्या होत्या.

"यांना कुणी शिकवलं?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"कुणीच नाही. आम्ही मऊ जागा दिली, खायला दिलं आणि मध्ये आलो नाही. आता यांतून रक्त वाहतं का, ते बघायचं. ताजं रक्त लागेल, कुणाचं तरी..."

त्यानं बाही वर सारली. "माझं घ्या."

"आधी ते 'घ्या' सोड."

"बरं," तो हसला. "माझं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर पाऊस थडथडत होता. मी छोटा पंप सुरू केला. पडद्यावर काही हललं नाही. प्रोफेसर ग्रासिएत हाताची घडी घालून उभ्या. तेल्मो माझ्या खांद्यामागे, श्वास रोखून.

आणि मग कडेच्या नळीत एक लालसर ठिपका शिरला. त्यामागे दुसरा. मग रांगच लागली. फाटा आला, तिथे रांग जराशी अडखळली... आणि दोन्हीकडे वाहू लागली. अजून आत, अजून आत. आजवर जिथे काहीच जगलं नव्हतं, त्या गाभ्यात एका अनोळखी बाळाच्या नाळेनं वाट काढली होती, आणि त्या वाटेवरून तेल्मोचं रक्त चाललं होतं.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "काम चालू राहील, पोरी," म्हणाल्या, आणि हळूच बाहेर गेल्या.

"मी रोज जन्म बघतो," तेल्मो म्हणाला. "रोज वाटतं, आता याहून मोठं काही बघायचं राहिलं नाही."

"आणि आज?"

"आज कळलं, राहिलं होतं." तो पडद्याकडेच बघत होता. "नोएमिया... काल मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तुझ्या प्रयोगासाठी लावली, असं सांगणार होतो. पण ते खोटं होईल. तू गावी जाऊ नयेस, म्हणून लावली."

मी हातमोजे काढले — आधी एक, मग दुसरा. पडद्यावर रक्त वाहत होतं. मी त्याच्याकडे वळले आणि उघड्या हातांनी त्याचा चेहरा धरला.