शेजारची कॉईल

चिप एक, सूक्ष्मदर्शक एक, खुर्ची एक आणि हक्क सांगणारे दोघं.

"मॅडम, साडेदहाचा स्लॉट माझा आहे."

"माझाही," चैताली जागची न हलता म्हणाली. "उभे राहा, हवं तर."

तो निमूट उभा राहिला. नाव ओम, तोही एम.टेक.चाच, दुसऱ्या सरांकडे. वडिलांचा फुलांचा धंदा; सकाळीच त्यांच्याबरोबर फुलबाजारात क्रेट उतरवून आला असावा. हातांना झेंडूचा वास होता. तो वास चैतालीनं नाही म्हटलं तरी टिपलाच.

तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या सिलिकॉनवर सहा-सात जणांची कामं दाटीवाटीनं बसवलेली. त्यात तिची कॉईल : चकलीसारखी वळत गेलेली, केसाहून बारीक धातूची पट्टी. वेढे किती, मध्ये मोकळं किती, वर्षभर तिनं संगणकावर मॉडेल करून ठरवलेलं. आज खरी चिप मॉडेलसारखी वागते का, एवढंच पाहायचं होतं.

तिनं कॉईलवर सुया टेकवून मोजणी सुरू केली. पडद्यावरचा आलेख मॉडेलचं बोट धरून छान चालला… आणि मध्येच खड्ड्यात पडला.

प्रबंधाचं सबमिशन सोमवारी. नवी चिप यायला सहा महिने.

"माझं मॉडेलच चुकलं," ती पुटपुटली.

"नाही चुकलं!" ओम म्हणाला. जरा जास्तच घाईनं.

"तुम्हाला काय माहीत?"

"म्हणजे… नसेल चुकलं."

चैतालीचे वडील कचेरीत क्लार्क. समोरच्याचं वाक्य कुठं अडखळलं, हे ओळखायचं शिक्षण तिला घरीच मिळालेलं. तिनं चिप किंचित डावीकडे सरकवली. तिच्या कॉईलला अगदी खेटून दुसरी कॉईल.

"ही कुणाची?"

"…माझी."

"तुझी जागा खालच्या कोपऱ्यात होती ना? मी नकाशा पाहिला होता." रागाच्या भरात 'तुम्ही' कधी गळालं, तिलाही कळलं नाही.

"डिझाइन पाठवायच्या शेवटच्या दिवशी सरांना सांगून हलवली."

"का पण?"

ओम खिडकीबाहेर बघत राहिला. "शेजारशेजारच्यांना मोजायला एकाच वेळी बोलावतात. वर्षभर कॅन्टीनमध्ये तुझ्या मागच्या टेबलावर बसलो. बोलायला निमित्तच सापडेना… माझ्या चुंबकीय क्षेत्राचा तुझ्या कॉईलला त्रास होईल, हे डोक्यातच आलं नाही. मी माझी एकटीच तपासली."

चैतालीनं रागवावं, तर तिनं तरी काय वेगळं केलं होतं? तिनंही आपली एकटीच तपासली होती.

"तुझी फाईल दे."

दोन्ही कॉईली तिनं मॉडेलमध्ये शेजारी ठेवल्या. संगणक घुरघुरत राहिला. ती पडद्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. नवा आलेख उमटला… आणि खड्डा नेमका त्याच जागी!

चैतालीनं केवढा तरी श्वास सोडला. प्रबंध बचावला होता. उलट एक प्रकरण वाढलं होतं.

"पुढच्या चिपवर लांबच्या कोपऱ्यात जायचं. कळलं?"

"कळलं." ओमनं पडेल चेहऱ्यानं बॅग उचलली.

"कॉईलनं जायचं," कोपऱ्यातलं स्टूल पायानं जवळ ओढत ती म्हणाली. "तू कुठं निघालास?"