नेफा न उसवता

बोटाएवढ्या छिद्रातून हात जात नाही, मग पोटातलं शिवणकाम होतं कसं? दोन हजार साठ सालच्या केतकीने हे कोडं परवा आजोबांना मोठ्या ऐटीत घातलं होतं. उत्तर ठाऊक नव्हतं, तरी तेही ठोकून दिलं, "अंधारात चाचपडतात डॉक्टर, आजोबा."

आज शिवराम आजोबांनी स्वतःच्या दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेला सपशेल नकार दिला. उभा जन्म शिंपीकाम केलेला माणूस. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं, तरी एकच धरून बसले, की आमची केतकी खोटं बोलणार नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. वर्षभर आजोबा छातीतल्या जळजळीपायी खुर्चीत बसून झोपत होते.

रुग्णालयातल्या शलाका नावाच्या यंत्रमानवाला तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. शलाकाने भिंतीवर चित्र उमटवलं. श्वासपटलात (छाती आणि पोटामधल्या स्नायूंच्या पडद्यात) अन्ननलिकेसाठी वाट असते. आजोबांची ती सैल झाली होती, म्हणून जठराचा वरचा भाग छातीत सरकायचा आणि आम्ल वर यायचं. जठर खाली ओढून ती वाट टाके घालून आवळायची, काम दोन्ही पद्धतींत हेच. पोट उघडून केलं तर वीतभर छेद, जास्त दुखणं आणि आठवडाभर मुक्काम. दुर्बिणीने केलं तर चार-पाच छिद्रं. वायू भरून पोट फुगवतात, दिव्याचा कॅमेरा आत सोडतात आणि लांब दांड्यांच्या हत्यारांनी शिवतात. दोन-तीन दिवसांत घरी.

"अंधार नसतोच?" केतकीने विचारलं.

"नाही, उलट सगळं मोठं दिसतं. पण आत अडचण आली तर पोट उघडावं लागतं. तेही सांग त्यांना."

सांगायचं म्हणजे आधी थाप कबूल करायची. केतकी दारापर्यंत दोनदा जाऊन परतली. तिसऱ्यांदा आत शिरली.

"आजोबा, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी फुशारकी मारली." तिचे डोळे भरून आले. "पायजम्यात नाडी घालायला तुम्ही नेफा उसवता का?"

आजोबा म्हणाले, "नाही. नाडी पिनेला अडकवून सरकवत न्यायची. पिन अडलीच, तर मात्र उसवावं लागतं."

"डॉक्टरही तसंच करतात."

त्यांनी संमतीपत्राची डिजिटल पाटी मागवून अंगठा उमटवला.

महिन्याभरात आजोबा पलंगावर आडवे झोपू लागले. शेजारच्या काकूंनी विचारलं, केतकी, माझा गुडघाही असा दुर्बिणीने होईल का गं?

केतकीचे कान लाल झाले. आजोबा ऐकत होते.

"मला ठाऊक नाही, काकू," ती म्हणाली. "विचारून सांगते."