खोडाच्या पलीकडे

लाइल कोवाल्केच्या झाडावरून शिकार करायच्या नव्या सॅडलला त्याचा मेव्हणा डेनी लंगोट म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर ते दिसायचंही तसंच. कमरेला आणि बुडाला कवळून घेणारा एक जाळीदार पट्टा, त्याच्या पुढच्या बाजूला दोन्ही टोकांनी शिवलेला एक आखूड दोर, बस्स. चढण्यापुरता कमरेचा एक वेगळा दोर खोडाभोवती टाकायचा, खोडाला सुट्या पायऱ्या अडकवत वर जायचं, पाय टेकण्यापुरता पाट खोडाला आवळायचा, डोक्याच्या वर खोडाला आणखी एक दोर बांधून त्याची कडी पुढच्या दोरात अडकवायची आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. हरीण उजवीकडून आलं की खोडाभोवती डावीकडे सरकायचं, म्हणजे त्याला माणूस दिसत नाही. अंधारायच्या आत सगळा बाडबिस्तरा पाठीवर, आणि उद्या दुसरं झाड.

"दाजी, या वयात झाडाला लोंबकळणार?" डेनी म्हणायचा. "हरणं हसून हसूनच मरतील. बाण वाचेल तुमचा."

"तू तुझं ते शिडीचं मचाण ओढत नेतोस ना, तेव्हा तुझी धाप ऐकूनच अर्धं जंगल रिकामं होतं," लाइल म्हणायचा.

चेष्टा चेष्टेच्या जागी, पण दोन वर्षांपूर्वी लाइल मचाणावरून खरोखरच पडला होता. गळ्याचं हाड मोडलं, आणि त्याची बायको मार्लिस जी धसकली ती धसकलीच. तिने साफ सांगितलं होतं, "रविवारी मी स्वतः कॅम्पवर येणार आणि तुझा तो लंगोट डोळ्यांनी बघणार. पटलं तर ठीक. नाहीतर धनुष्य विकायचं, आणि त्यावर एक शब्द बोलायचा नाही." लाइलने मान डोलवली होती. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. नोव्हेंबरातलं जंगल सोडलं तर त्याने स्वतःसाठी असं काही मागितलंच नव्हतं. ते गेलं तर आपण टीव्हीसमोर बसून म्हातारे होणार, याची त्याला धडकीच भरली होती.

शनिवारी दुपारी तो सरकारी जंगलात शिरला. हवा थंडगार आणि निवांत होती. नरांचे माजाचे दिवस, जागोजागी खुरांनी उकरलेली ओली माती. ओढ्याच्या वळणावर त्याला एक जाडजूड मेपल आवडला. खाली कुणाची पिशवी नाही, पायाचा ठसा नाही. आधी कुणी बसला असेल तर दुसऱ्याने मुकाट्याने मागे फिरायचं, हा इथला धर्म. तेवढ्यासाठी त्याने झाडाला एक चक्करही मारली. मग शीळ घालत वर चढला, घराच्या छपराइतका. पाट आवळला, डोक्यावर दोर बांधला, कमरेचा दोर सोडला, आणि तेवढ्यात खालून एक हरिणी उधळत गेली आणि तिच्या मागे एक शिंगाळा! लाइलने घाईघाईने धनुष्य ओढून घेतलं आणि मागे रेलला. शिंगाळा काही थांबला नाही.

"जा बाबा, आधी लग्न उरक," लाइल पुटपुटला आणि स्वतःशीच हसला.

मग बराच वेळ काही नाही. ऊन तिरपं झालं. सॅडल इतकं सुखाचं होतं की त्याला मार्लिसची आठवण आली. तिला हे पटणारच, असं त्याला वाटलं.

एक हरिणी दोन पाडसांना घेऊन आली. तिने मान वर केली. लाइल गोठला. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती खोडाच्या दुसऱ्या बाजूला बघत होती, त्याच उंचीवर.

तो हळूच डावीकडे सरकला. खोडाच्या पलीकडे काहीतरी सालीला घासत तेवढंच सरकलं.

तो थांबला. तेही थांबलं.

घाबरण्याआधी त्याला लाजच वाटली. एवढी चक्कर मारूनही आपण कुणाच्या तरी झाडावर चढलो! डेनीला कळलं तर वर्षभर जेवताना हाच विषय.

"माफ करा हो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खरंच दिसला नाहीत. उतरू का मी?"

पलीकडून एक लांब, शांत श्वास ऐकू आला. हरिणी पाडसांना घेऊन चालती झाली.

आणि मग तो आला. मघाचाच शिंगाळा, आता एकटा, ओढ्याच्या पाण्यातून सावकाश. उजवीकडे सरकलं की बाण मारता येणार होता. सरकताना सवयीने डोक्यावरच्या दोराला हात घालावा म्हणून त्याने वर पाहिलं.

दोर सैल लोंबत होता.

कडी त्याच्या कानाशी मोकळी झुलत होती.

त्याने कडी लावलीच नव्हती. आणि दुपारपासून तो मागे रेलून बसला होता.

त्याने खाली पाहिलं. पट्ट्याचा पुढचा दोर ताणलेला होता, मधोमध ओढल्यासारखं टोक निघालेला, ते टोक सालीकडे वळलेलं. त्या टोकाला काहीच अडकवलेलं नव्हतं.

धनुष्य त्याच्या हातातून सुटलं. शिंगाळा उधळला.

लाइलने एका हाताने खोडाला मिठी मारली, दुसऱ्या हाताने कडी ओढली आणि अडकवली. खट्ट.

पुढचा दोर क्षणभर ढिला पडला, मग कडीवर ताणला.

पलीकडे आता काहीच नव्हतं. उतरून त्याने झाडाभोवती पाहिलं. फक्त त्याच्याच पायऱ्या.

रात्री जेवताना डेनीने पार सालटी काढली. "दाजींनी हरणाला धनुष्य फेकून मारलं! नवीन पद्धत आहे, मंडळी!" लाइलही हसला. झोप मात्र आली नाही. पहाटेपर्यंत त्याचं ठरलं: मार्लिसला सगळं सांगायचं आणि धनुष्य विकायचं. जीव तुटत होता, पण बाईने त्याच्यावर विश्वास टाकला होता.

रविवारी मार्लिस बटाट्याचं भलं मोठं पातेलं घेऊन आली. "आधी लंगोट," ती म्हणाली. "मग जेवण."

"मार्लिस, मला तुला काही सांगायचंय..."

"नंतर. मीच बसून बघते."

डेनीने टाळ्या पिटल्या. कॅम्पच्या दारातल्या ओकच्या झाडाला गुडघाभर उंचीवर पाट आवळला गेला. लाइलने तिला पट्टा घातला, हात धरून पाटावर चढवलं आणि वर दोर बांधला. तिने खोडाकडे तोंड केलं.

"आणि आता?"

"थांब जरा..."

पण मार्लिस कधी थांबली होती? ती मागे रेललीसुद्धा. दोन्ही हात पसरून, मान मागे टाकून, कित्येक वर्षांत हसली नव्हती तशी हसत.

"अगंबाई, हा तर पाळणा आहे!" ती म्हणाली. "लाइल, किती घट्ट धरतंय रे हे! जा तू, खुशाल जा. माझी काळजी मिटली."

डेनीने शिट्टी वाजवली. लाइल वरचा दोर धरून उभा होता. कडी अजून त्याच्याच मुठीत होती.